शेवाळी रंगाची पूड: एका नव्या पीएचडी विद्यार्थिनीचे पहिले सहा महिने

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या रसायनशास्त्र विभागात एक मुलगी पीएचडीला दाखल झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती संशोधन सल्लागार समितीसमोर पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिच्या खात्यात तेवीस रिअ‍ॅक्शन होत्या आणि तेवीसच्या तेवीस फसलेल्या होत्या. त्या समितीवर मी होते. मधल्या सहा महिन्यांत काय घडलं, कुठे अडलं आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही काय दिसलं नाही, ते तिच्याशी बोलून, तिच्या परवानगीनं इथे मांडते आहे. विभाग पुण्यातला आहे, एवढंच सांगते. नावं कुणाचीच देत नाही, कारण जे झालं ते एका लॅबपुरतं आहे असं मला वाटत नाही.

आली तेव्हा तिच्याजवळ काय होतं

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिचं बीएस्सी आणि एमएस्सी झालं. घरी सोयाबीनची शेती. सीएसआयआरची नेट ही देशपातळीवरची परीक्षा ती दुसऱ्या प्रयत्नात जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह, पास झाली, आणि ज्यांनी त्या परीक्षेचा अभ्यास केला आहे त्यांना हे सोपं नसतं हे ठाऊक आहे. पुस्तकी रसायनशास्त्र तिचं पक्कं होतं. मुलाखतीत तिनं फळ्यावर एका रिअ‍ॅक्शनची यंत्रणा, म्हणजे कुठले बंध कसे तुटतात आणि जुळतात ते, काढून दाखवली ती आमच्या एमएस्सीच्या बऱ्याच मुलांना जमली नसती.

हाताला मात्र सवय नव्हती. तिच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाला चौघींचा गट असे, रसायनं स्टोअरमधून मोजून पुड्यांत मिळत, आणि चौघींतली एक जण प्रत्यक्ष काम करी, बाकीच्या लिहून घेत. एनएमआरचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतले अणू जे संकेत देतात त्यांचे, आलेख पाहून रेणू ओळखण्याचे प्रश्न तिनं शेकड्यांनी सोडवले होते. एनएमआरची काचेची नळी पहिल्यांदा हातात धरली ती पुण्यात आल्यावर. यात तिची काही चूक नाही आणि तिच्या शिक्षकांचीही फारशी नाही. एनएमआर यंत्राची किंमत आणि त्याला सतत लागणारा द्रवरूप हेलियम हे तालुक्याच्या कॉलेजला परवडणारं प्रकरण नव्हे. पण दाखल झालेली मुलं काय पाहून आली आहेत आणि काय न पाहता आली आहेत, याची चौकशी आम्ही कधी करत नाही. नेट झाली म्हणजे सगळं येतं, असं धरून चालतो.

पहिला महिना कागदांत गेला. जॉइनिंग रिपोर्ट, बँकेचे तपशील, मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी, हॉस्टेलचा अर्ज. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा २ क्रेडिटचा विषय आलाच. दर सत्रात एकदा सल्लागार समितीसमोर उभं राहायचं. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली आहे आणि त्यात एकटीचं नीट भागतं, पण ती हातात आली तर. तिची फाइल आमच्याच कार्यालयात एका सहीसाठी अडकून पडली आणि पहिले पैसे खात्यात पडायला मार्च उजाडला. तोवर वडिलांनी सोयाबीन विकून आलेल्यातले पैसे पाठवले. हॉस्टेल मिळेपर्यंत ती एका खोलीत तिघींबरोबर राहिली. पैशांची ही गोष्ट मी उगाच सांगत नाही. पुढे फ्रिजमधल्या बाटलीपाशी ती पुन्हा येणार आहे.

वारशात मिळालेलं टेबल

जुलैत एक सीनियर प्रबंध देऊन लॅबमधून गेला होता. त्याचं टेबल, त्याचा कप्पा, त्याच्या काचेच्या वस्तू आणि फ्रिजमधल्या त्याच्या बाटल्या हिच्या वाट्याला आल्या. जाताना त्यानं प्रबंध दिला, पेढे दिले, सगळ्यांचा निरोप घेतला. कुठली बाटली कधी उघडली, कुठली टाकून द्यायची, हे तो कुणाला सांगणार? तेव्हा त्याच्या जागी यायचं कोण हेच ठरलेलं नव्हतं.

गाईडनी दुसऱ्याच आठवड्यात विषय दिला: पिरिडीनचं (एक नायट्रोजन असलेलं) कडं आणि बेंझीनचं कडं सुझुकी कपलिंगनं जोडून काही नवे रेणू बनवायचे. अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी ही जोडणी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. सुझुकींना २०१० चं नोबेल हेक आणि नेगिशी यांच्यासह मिळालं. एका कड्यावर ब्रोमिन, दुसऱ्यावर बोरॉनिक आम्ल, सोबत एखादा अल्कली आणि चिमूटभर पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट, म्हणजे जोडणी घडवून आणणारा पदार्थ. तापवलं की दोन कडी कार्बन-कार्बन बंधानं जोडली जातात. रक्तदाबावरच्या लोसार्टानच्या रेणूतली एकमेकांना जोडलेली दोन बेंझीनची कडी याच रीतीनं कारखान्यात जोडली गेली आहेत. नव्या विद्यार्थिनीसाठी विषय चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

या जोडणीचा एक जुना, सर्वांना ठाऊक असलेला कॅटॅलिस्ट म्हणजे टेट्राकिस. एका पॅलेडियमभोवती चार ट्रायफिनाइलफॉस्फीन, म्हणून चाराचं हे ग्रीक नाव. ताजा असतो तेव्हा लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक दिसतो. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तो मरत जातो: आधी हिरवट, मग तपकिरी. म्हणून तो फ्रिजमध्ये, आर्गॉन किंवा नायट्रोजनखाली, गडद बाटलीत ठेवतात. ज्यानं हे काम वर्षभर केलं आहे तो बाटली उघडताक्षणी नाक मुरडेल. ज्यानं ताजा टेट्राकिस कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी बाटलीत आहे तोच टेट्राकिसचा रंग.

तिच्या वाट्याला आलेल्या बाटलीच्या तोंडावरचा पॅराफिल्म, हवा रोखणारी ताणपट्टी, सैल झालेला होता. आतली पूड शेवाळी होती.

लॅबमध्ये त्या वेळी पाच जण होते. त्यातलं कुणीही पॅलेडियमवर काम करत नव्हतं. दोघं केरळचे, एक बंगालचा, दोघी मराठी. माणसं चांगली, हिला मेस दाखवली, सायकल मिळवून दिली, रात्री दहाच्या आत हॉस्टेलला पोचवायला एक तरी जण बरोबर जाई. रोटा या यंत्रावर सॉल्व्हंट (द्रावक) कसं उडवायचं, काम कुठवर आलं ते ठिपक्यांवरून दाखवणारी टीएलसीची प्लेट कशी कापायची, पदार्थ शुद्ध करायचा कॉलम कसा भरायचा, हे प्रत्येकानं थोडंथोडं शिकवलं. कॅटॅलिस्टची बाटली दुसऱ्या कुणीतरी दाखवली असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

तेवीस रिअ‍ॅक्शन

पहिली रिअ‍ॅक्शन तिनं सप्टेंबरच्या शेवटी लावली. पेपरमधलं सगळं जसंच्या तसं: हवा हाकलायला सॉल्व्हंटमधून वीस मिनिटं आर्गॉन सोडला, कॅटॅलिस्ट घातला, ९० अंशांवर ठेवलं, दोन-दोन तासांनी टीएलसी. संध्याकाळपर्यंत प्लेटवर सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका हलला नव्हता. रात्रभर ठेवलं. सकाळी फ्लास्कच्या तळाला काळी कणी आणि ठिपका तिथेच.

पुढचे चार महिने तिनं काय काय बदललं ते तिच्या वहीत ओळीनं आहे. पोटॅशियम कार्बोनेटच्या जागी सोडियम कार्बोनेट, मग सीझियम. टोल्युइन-इथेनॉलच्या जागी डायॉक्झेन-पाणी. ८० अंश, १००, ११०. बारा तास, चोवीस, अठ्ठेचाळीस. बोरॉनिक आम्ल दुप्पट. शनिवारच्या ग्रुप मीटिंगमध्ये गाईड सर काहीतरी सुचवत, सोमवारी ती ते करी. सर सांगत तेवढंच नव्हे, स्वतःहूनही पेपर शोधून करत असे. मेहनतीत कुठेही कसर नाही.

एकच गोष्ट तेवीसही वेळा तीच राहिली: ती बाटली.

का, हे मी तिला नंतर विचारलं. टेट्राकिसच्या एका ग्रॅमची किंमत तिच्या त्या वेळच्या महिन्याच्या खोलीभाड्याहून जास्त होती, असं ती म्हणाली. कॅटलॉगमध्ये तिनं तो आकडा पाहिला होता. स्वतःचे पैसे घरून येत असताना, एकही रिअ‍ॅक्शन न झालेली असताना, सरांपुढे जाऊन ‘नवीन मागवायचा का?’ हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. आणि मनात दुसरंही होतं: बाटलीत आहे, लेबल आहे, सीनियरचा याच बाटलीवर पेपर झाला आहे, मग दोष बाटलीचा कसा असेल, आपल्या हाताचाच असणार.

दर रविवारी आई फोनवर विचारी, “झालं का गं काही?” ती सांगायची, “चालू आहे.” शनिवारी सर विचारत, तेव्हाही उत्तर तेच. ऑक्टोबरमध्ये मी तिला जिन्यात भेटले होते. “कसं चाललंय?” “चालू आहे, मॅडम.” मी हसून पुढे गेले. समितीवर माझं नाव असूनही मी तिला दुसरा प्रश्न विचारला नाही, हे मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं. ‘चालू आहे’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं आणि त्यात काहीही नसतं.

समितीसमोर

फेब्रुवारीतली बैठक पाऊण तासाची. तिनं स्लाइड नीट केल्या होत्या, इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. ती पाठ आहेत हे कळत होतं. तेवीस ओळींचा तक्ता, शेवटच्या रकान्यात तेवीस वेळा ‘प्रॉडक्ट नाही’. समितीतल्या दुसऱ्या सदस्यांनी पुढच्या सत्राचा आराखडा विचारला. गाईड म्हणाले की पिरिडीनवरचं बोरॉन टिकाऊ नसतं, ते तापवताना गळून पडतं, तिथेच घोटाळा असावा. हे शास्त्रदृष्ट्या बरोबर होतं. पिरिडीनच्या नायट्रोजनलगत, दुसऱ्या जागेवर, बोरॉन असलेलं बोरॉनिक आम्ल भल्याभल्यांना छळतं.

मी सवयीनं वही मागितली. छान वही होती: पानांवर क्रमांक, तारखा, रेणूंची चित्रं पट्टीनं काढलेली. प्रत्येक रिअ‍ॅक्शनच्या कृतीत इंग्रजीत एक वाक्य होतं, टेट्राकिस हे चमकदार पिवळं घन घातलं. तेवीस पानांवर तेच वाक्य. मला आधी काही वाटलं नाही. मग वाटलं की तेवीस वेळा, पाच महिन्यांत, एकदाही पिवळा फिका पडला नाही?

मी मराठीत विचारलं, “पिवळा म्हणजे कसा? हळदीसारखा की लिंबासारखा?”

ती गप्प. बैठकीत इतर जण होते. मी विषय सोडला.

चार वाजता ती माझ्या खोलीत आली. हातात दुसरी एक वही होती, साधी दोनशे पानी, कोपरे दुमडलेली, कुठे कुठे सॉल्व्हंटनं शाई पसरलेली. तिनं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, मला कळंना गेलंय. पेपरात पिवळा लिहिलंय. मला शेवाळी दिसतो.”

कच्च्या वहीत सगळं मराठीत होतं. सप्टेंबरच्या पहिल्या पानावर: ‘पूड शेवाळी. पेपरात यलो आहे. माझं काही चुकतंय का?’ ऑक्टोबरमध्ये: ‘शेवाळी, थोडी करडी.’ नोव्हेंबरात: ‘भिजवायच्या आधीच्या मेंदीसारखी.’ डिसेंबरात रंग आणखी गडद झाल्याचीही नोंद. पहिल्या दिवसापासून तिनं अचूक पाहिलं होतं, अचूक लिहिलं होतं. मेंदीच्या पुडीची उपमा तर मी कुठल्या पेपरात वाचली नाही, पण बिघडलेल्या टेट्राकिसचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही.

“मग पक्क्या वहीत?”

“पक्क्या वहीत बरोबर असतं ते लिहायचं ना, मॅडम.”

बरोबर असतं ते

या उत्तरापाशी मला थांबायचं आहे, कारण ते तिचं एकटीचं नाही. महाराष्ट्रात विज्ञान शिकलेल्या प्रत्येकानं प्रात्यक्षिकाची जर्नल लिहिली आहे. कच्च्या कागदावर रीडिंग घ्यायची, उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या जवळ येत नसेल तर रीडिंग जुळवायची, मग सुवाच्य अक्षरात जर्नलमध्ये उतरवायची, शिक्षकांची सही घ्यायची. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढलं तर ते ९.८ च्या आसपास यायलाच हवं, ९.१ आलं तर ते का आलं हे कुणी विचारत नाही, मार्क जातात. अकरावीपासून एमएस्सीपर्यंत सात वर्षं हे चालतं. मुलं हे फसवणूक म्हणून करत नाहीत. नीटनेटकेपणा म्हणून करतात. शहाण्या मुलांची जर्नल तर विशेष जुळलेली असते. मी स्वतः अशीच जर्नल लिहिली आणि तिला बक्षीस मिळालं होतं.

सात वर्षं हे शिकवल्यावर आम्ही पीएचडीच्या पहिल्या सत्रात नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा विषय घेतो. वाङ्मयचौर्याच्या पातळ्या, बनावट विदा, लेखकांची क्रमवारी. तिला त्यात चांगले गुण मिळाले होते. त्या वर्गात बसून बाहेर आल्यावर लॅबमध्ये ती पक्क्या वहीत ‘पिवळा’ लिहित होती, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे तिला जाणवलं नाही. वर्गातली उदाहरणं मोठ्या, परदेशी, वर्तमानपत्रात गाजलेल्या घोटाळ्यांची होती. कुणी म्हणालं नव्हतं की तुझ्या वहीतला रंग तुला दिसला तोच असला पाहिजे.

भाषेचाही भाग आहे. ‘शेवाळी’ला इंग्रजीत काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही. पेपरमध्ये तयार वाक्य होतं, तिनं ते उचललं. इंग्रजी वहीत तिचं निरीक्षण येऊच शकलं नाही, कारण त्याला तिथे शब्दच नव्हता.

यातून झालेलं नुकसान मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाईडनी नोव्हेंबरमध्ये तिची पक्की वही पाहिली होती. अनुभवी माणूस, पहिली शंका त्यांना कॅटॅलिस्टचीच आली. पानावर ‘चमकदार पिवळा’ वाचून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पिरिडीनच्या बोरॉनकडे वळले. पुढचे तीन महिने ते जे जे सुचवत गेले ते सगळं तर्काला धरून होतं, फक्त तर्काचा पाया खोटा होता. ते मला म्हणाले, “मी बाटली उघडून बघायला हवी होती. फ्रिज माझ्या खोलीपासून वीस पावलांवर आहे.”

दोन फ्लास्क, एक ऑइल बाथ

मी, गाईड आणि ती असे तिघे बसलो. पहिली गोष्ट ठरली की तिच्या विषयाची रिअ‍ॅक्शन तूर्त बाजूला ठेवायची. जी रिअ‍ॅक्शन जगभर होते, जी होणार याची खात्री आहे, ती करायची, आणि ती दोनदा एकाच वेळी: एकात जुना कॅटॅलिस्ट, एकात नवा. नवा मागवायला तीन आठवडे लागले असते. ती शेजारच्या लॅबमध्ये गेली आणि तिथल्या एका मुलीकडून ३५ मिलिग्रॅम मागून आणला. पाच मिनिटांचं काम. पाच महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं, आणि तिला सुचलं असतं तरी तिनं मागितलं नसतं.

१९९ मिलिग्रॅम ब्रोमोअ‍ॅसिटोफिनोन, १४६ मिलिग्रॅम फिनाइलबोरॉनिक आम्ल, ३५ मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट. दोन्ही फ्लास्क एकाच ऑइल बाथमध्ये, म्हणजे तापवलेल्या तेलाच्या भांड्यात, ९० अंश. मी मुद्दाम लॅबमध्ये गेले. नवी पूड कागदावर ओतल्यावर ती तिच्याकडे पाहत राहिली. “असा असतो?” एवढंच म्हणाली.

दोन तासांनी टीएलसी. जुन्या फ्लास्कचा ठिपका जागच्या जागी. तळाशी ओळखीची काळी कणी. नव्याचा सुरुवातीचा ठिपका जवळजवळ गेलेला, आणि यूव्ही दिव्याखाली एक नवा ठिपका. वर्कअप (प्रॉडक्ट मिश्रणातून वेगळं काढणं), कॉलम, रोटा. १७१ मिलिग्रॅम पांढरं घन, ८७ टक्के.

एनएमआर आला तेव्हा ती पुन्हा घाबरली. अ‍ॅसिटिलच्या मिथाइलचा संकेत आलेखावर २.५९ वरून २.६४ वर सरकला होता, म्हणजे कडं जोडलं गेलं होतं; पण ४.१२, २.०५ आणि १.२६ वर तीन अनोळखी संकेत दिसत होते. केरळच्या लॅबमेटनं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि सांगितलं की ते इथाइल अ‍ॅसिटेट आहे, कॉलमसाठी वापरलेलं सॉल्व्हंट, अजून थोडा वेळ पंपावर ठेव. हे आकडे त्याला पाठ होते. हळूहळू हिलाही झाले. नेटच्या पुस्तकातले आलेख नेहमी स्वच्छ असतात. खऱ्या आलेखात सॉल्व्हंट असतं, पाणी असतं, ग्रीज असतं, आणि त्यांना ओळखून बाजूला काढणं हे निम्मं काम.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. तिची मूळ रिअ‍ॅक्शन नव्या कॅटॅलिस्टनंही झाली नाही. किंचित खूण दिसली, हाती काही लागलं नाही. म्हणजे गाईडचं म्हणणंही खरं होतं: पिरिडीनवरचं बोरॉन गळत होतं. दोन दोष एकावर एक बसले होते आणि वरच्यानं खालचा झाकला होता. फरक इतकाच की आता तिला माहीत होतं की हात ठीक आहे, कॅटॅलिस्ट ठीक आहे, आर्गॉन ठीक आहे. मग उरतं काय ते शोधता येतं. तिनंच सुचवलं की जोडीदारांची अदलाबदल करू: ब्रोमिन पिरिडीनवर, बोरॉन बेंझीनवर. ही वाट पुस्तकांत आहे, नवी नाही, पण तिनं ती आपली आपण काढली आणि शनिवारी उभं राहून मोडक्या इंग्रजीत सांगितली, पाठ न करता. चौथ्या प्रयत्नात निम्म्याहून जास्त प्रॉडक्ट मिळालं.

त्या लॅबमध्ये आता

नव्या मुलाला पहिले तीन आठवडे विषय मिळत नाही. लॅबमध्ये आधी झालेली, ठाऊक असलेली एक रिअ‍ॅक्शन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा करतो, एनएमआरसकट, आणि त्यात वापरायच्या प्रत्येक बाटलीचा रंग, वास, पोत कुणीतरी सीनियर त्याच्यासोबत उभं राहून दाखवतो. चांगलं काय ते आधी डोळ्यांत बसायला हवं. काही गाईडना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला इथे तीन आठवड्यांसमोर पाच महिने दिसतात. लॅब सोडून जाणाऱ्यानं आपल्या बाटल्यांची यादी उघडल्याच्या तारखांसह करायची, हेही ठरलं. बाटलीवर मार्करनं तारीख लिहायला दहा सेकंद लागतात.

कच्ची-पक्की वही बंद झाली. एकच वही, बांधलेली, काम करता करता तिथेच लिहायची, डाग पडले तर पडू द्यायचे. यावर माझा आणि तिच्या गाईडचा मतभेद राहिला आहे. निरीक्षण ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहावं असं मी म्हणते. त्यांचं म्हणणं, वही लॅबची असते, उद्या केरळच्या मुलाला ती वाचता आली पाहिजे. बरोबर आहे त्यांचं. सध्या मुलं आधी आपल्या भाषेत शब्द लिहितात आणि खाली इंग्रजीत त्याचा अर्थ. मल्याळम, बंगाली, मराठी, तिन्ही लिपी त्या वह्यांत दिसतात. गाईडना अजून ते पसंत नाही, चालवून घेतात.

फेलोशिपच्या फाइलींचं मात्र काही बदललं नाही. मी दोनदा पत्र दिलं आहे, तिसरं देणार आहे.

तिच्या पक्क्या वहीचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. पानं फाडायची नाहीत, पांढरी शाई लावायची नाही, हे मी तिला सांगितलं. चूक दुरुस्त करायची ती खालचं वाचता येईल अशी एक रेघ मारून, बाजूला खरं काय ते लिहून, तारीख आणि सही करून. एका संध्याकाळी माझ्याच खोलीत बसून तिनं ते केलं. शेजारी कच्ची वही उघडी. ‘चमकदार पिवळा’वर रेघ, बाजूला ‘शेवाळी’, सही, तारीख. पुढचं पान. बावीस पानं झाली. जानेवारीतल्या एका रिअ‍ॅक्शनची नोंद कच्च्या वहीत सापडेना. त्या दिवशी तिला ताप होता आणि तिनं घाईत लावून टाकली होती. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मी म्हणाले, बाकीच्या बावीस शेवाळी आहेत, ही पण असणारच. तिनं मान हलवली, ‘पिवळा’वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: रंग पाहिलेला आठवत नाही.